ग्लास भरण्याआधी किल्ली मागा

आषाढ संपत आला आहे. श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा रविवार कुठे साजरा करायचा याची आखणी एव्हाना सुरू झाली असेल. कुणाचं शेत ठरेल, कुणाचं फार्महाऊस. कुणी धरणाकाठी जाईल, कुणी हायवेवरच्या ढाब्यावर टेबल धरून ठेवील. गटारी साजरी करावी की करू नये, हा वाद मला आज घालायचा नाही. सांगायची गोष्ट एकच आहे आणि ती त्या दिवसाच्या आत तुमच्यापर्यंत पोचली पाहिजे. त्या संध्याकाळी महाराष्ट्रातल्या ओल्या, अंधाऱ्या, खड्ड्यांच्या रस्त्यांवर कितीतरी माणसं दारू पिऊन गाडी चालवत घरी निघतील. त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण कुणाच्या तरी डोळ्यांदेखत निघेल. कुणीतरी त्याला गाडीपर्यंत सोडायला येईल, कुणीतरी त्याच्या मागच्या सीटवर बसेल, कुणीतरी "पोचलास की फोन कर" म्हणेल.

हे आवाहन त्या 'कुणीतरी'ला आहे. म्हणजे तुम्हाला आहे.

प्यायलेल्या माणसाला "तू चालवशील ना नीट?" असं विचारण्यात अर्थ नसतो. दारू सगळ्यात आधी काढून घेते ती स्वतःचा अंदाज घेण्याची ताकद. जीभ जड होण्याच्या, पाय लटपटण्याच्या कितीतरी आधी ती गेलेली असते. "मी ठीक आहे" असं तो म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. म्हणून हा निर्णय त्याच्यावर सोडून चालणार नाही. तो शुद्धीत असताना, पहिला ग्लास भरण्याआधी निर्णय व्हायला हवा, नाहीतर शेजारच्या शुद्धीतल्या माणसाने तो घ्यायला हवा. तिसरी वाट नाही.

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शे गाडीने मोटारसायकलवरच्या दोघांना उडवलं. मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले, चोविशीतले दोन अभियंते, एक तरुण आणि एक तरुणी, त्यात संपले. गाडी चालवणारा मुलगा अठरा वर्षांचाही नव्हता आणि तो मित्रांबरोबर दारू पिऊन निघाला होता असं पोलिसांचं म्हणणं आहे. पुढचं सगळ्यांना आठवतं. जामिनाच्या अटीत 300 शब्दांचा निबंध आला आणि देशभर संताप उसळला. मग ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. न्यायालय त्याचा निकाल देईल. निबंधावर आपण चिडलो ते योग्यच होतं. पण आपला सगळा राग धडकेनंतरच्या तासांवर खर्च झाला. धडकेआधीच्या तासांकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही. वयात न आलेल्या मुलाच्या हातात गाडी होती, त्याच्यासमोर दारू होती, शेजारी मित्र होते. मधे पडायला माणसं भरपूर होती.

त्याच वर्षी डिसेंबरात पुण्याजवळ वाघोलीला रस्त्याकडेला झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून डंपर गेला. तिघं मेली, त्यांत दोन तान्ही मुलं होती. चालक दारू प्यायलेला होता असं पोलिसांनी सांगितलं. कामाच्या शोधात अमरावतीकडून आलेली ती कुटुंबं होती. इथे ना पोर्शे होती, ना पब, ना निबंध. बातमी चार दिवसांत मागे पडली. मेलेल्या लेकरांना मात्र गाडीची किंमत कळत नव्हती.

गोव्यात 6 ऑगस्ट 2023 च्या रात्री बाणस्तारीच्या पुलावर मर्सिडीजने एकापाठोपाठ एक वाहनं चिरडली आणि तीन जीव गेले. तिथेही आरोप दारूचाच. आणखी मागे जा. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर दारू प्यायलेल्या एका तरुणाच्या गाडीखाली गेले. खालच्या न्यायालयाने त्याला सहा महिन्यांची शिक्षा दिली होती, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सात माणसांमागे तीन वर्षं. शिक्षा पुरेशी नाही हे त्या निकालातही नोंदलं गेलं.

हे मी जखमा उकरण्यासाठी सांगत नाही. 2006 पासून आजवर आपण तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो आहोत. अपघात होऊ देतो आणि नंतर न्याय मागतो. न्याय मागायलाच हवा, पण तो मेलेल्याच्या उपयोगाचा नसतो. मेलेल्याच्या उपयोगाची वेळ धडकेच्या आधीची असते आणि ती वेळ पोलिसांच्या नव्हे, आपल्या हातात असते.

आता आपण एकमेकांना जी वाक्यं ऐकवतो त्यांच्याकडे सरळ बघू या.

"एकच तर पेग घेतलाय." आपल्याकडच्या व्हिस्कीच्या, रमच्या बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण बहुधा 42.8 टक्के छापलेलं असतं. म्हणजे 60 मिलीच्या एका पेगमध्ये सुमारे 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. साधारण 65 किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात तेवढ्याने 100 मिलीमागे 40 मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल चढू शकतं. कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. माणूस किरकोळ असेल, पोट रिकामं असेल, बाई असेल, तर आकडा आणखी वर जातो. एकाच पेगने मर्यादा ओलांडली जाऊ शकते, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

"बिअरच आहे रे, दारू थोडीच आहे." 650 मिलीच्या, 8 टक्क्यांच्या एका स्ट्राँग बिअरमध्ये सुमारे 41 ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे दोन मोठ्या पेगांएवढं. बिअर म्हणजे सरबत हा समज कित्येक घरांत अजून टिकून आहे. घाट उतरताना तो गाडीतल्या सगळ्यांच्या जिवावर येतो.

"मला चढत नाही." सवयीच्या माणसाची बडबड कमी होते, चाल सरळ राहते. रक्तातलं अल्कोहोल त्यामुळे कमी होत नाही. समोरून आलेल्या प्रखर दिव्यानंतर डोळे सावरायला लागणारा वेळ वाढतो, कडेचं दिसणं कमी होतं, ब्रेकवर पाय जायला उशीर होतो. गाडी ताशी 60 किलोमीटरने धावत असेल तर ती एका सेकंदात 16 मीटरहून जास्त पुढे जाते. पाय अर्धा सेकंद उशिरा पडला तर आठ मीटर. रस्ता ओलांडणारी म्हातारी त्या आठ मीटरांत असते.

"कॉफी पितो, तोंड धुतो, निघतो." कॉफीने झोप थोडी उडेल, ताकाने बरं वाटेल, लिंबू-सरबताने तोंडाची चव बदलेल. रक्तातलं अल्कोहोल यांतल्या कशानेही उतरत नाही. ते काम यकृताचं आणि यकृताला घाई करता येत नाही. रक्ताच्या 100 मिलीमागे तासाला साधारण 15 मिलिग्रॅमच्या गतीनेच ते अल्कोहोल उतरवतं.

यातून निघणारा हिशेब आपल्यापैकी जवळजवळ कुणीच करत नाही. तो दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा. रात्री दहा ते एक या वेळात चार मोठे पेग घेतलेल्या त्याच 65 किलोच्या माणसाच्या रक्तात सकाळी सातलाही मर्यादेपेक्षा जास्त अल्कोहोल असू शकतं. तो झोपून उठलेला असतो, आंघोळ झालेली असते, कपाळाला गंध असतं. आणि तो शाळेची व्हॅन घेऊन निघतो, दुधाचा टेम्पो काढतो, कंपनीची बस काढतो. म्हणून गटारीची रात्र संपली की धोका संपला असं समजू नका. सोमवारची सकाळ तेवढीच जपण्याची आहे.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. महाराष्ट्रात 15,224, म्हणजे दिवसाला सरासरी एकेचाळीस-बेचाळीस. त्यांत दारू किंवा इतर नशेमुळे झालेले मृत्यू म्हणून देशभरात सुमारे 4,200 नोंदले गेले. हा आकडा बघून काही जण म्हणतात की दारूचा एवढा बाऊ कशाला, खरं कारण वेग आहे. वेग आहेच. त्याच अहवालात सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत. पण दारूची नोंद व्हायला वेळेत चाचणी व्हावी लागते. धडक देऊन पळून गेलेल्याची चाचणी कोण करणार? जखमीला तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवताना रक्त घ्यायला उशीर झाला तर काय उरणार? आणि प्यायलेल्या माणसाने वेगाने मारलेली धडक कुठल्या रकान्यात जाते? पायाला वेगाची भीती वाटेनाशी करते तीच दारू, डोक्यावर हेल्मेट नको म्हणते तीही तीच. कागदावर ही कारणं वेगवेगळी दिसतात, रस्त्यावर ती एकाच माणसात असतात.

आणि मरतं कोण, हेही बघा. त्या वर्षीच्या मृतांत दुचाकीवरचे 44 टक्क्यांहून जास्त होते आणि पायी चालणारे जवळजवळ 20 टक्के. दर तीन मृतांतले सुमारे दोन असे, ज्यांच्या अंगाभोवती लोखंडाचा पत्रा नव्हता, ज्यांना एअरबॅग नव्हती. दारू पिऊन मोटार चालवणारा "माझा जीव, माझी मर्जी" असं म्हणू शकत नाही, कारण त्यात जाणारा जीव अनेकदा दुसऱ्याचा असतो.

कायदा काय म्हणतो हे थोडक्यात सांगतो, कारण त्यातलं एक कलम खास तुमच्या-माझ्यासाठी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दल, आणि चालवण्याचा प्रयत्न करण्याबद्दलही, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही सांगतं. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते कलम 188. या गुन्ह्याला साथ देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. प्यायलेल्याला जाणूनबुजून गाडी चालवायला लावणारा, "जा रे, काही होत नाही" म्हणून त्याच्या हातात किल्ली ठेवणारा कायद्याच्या नजरेत साक्षीदार राहत नाही. आणि मूल वयात आलेलं नसेल तर कलम 199-अ नुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही.

कायदा आहे, पण तो एकटा पुरा पडत नाही. मुंबईत 2007 पासून पोलीस ब्रेथ ॲनालायझर घेऊन रात्री रस्त्यावर उभे राहतात, त्याने फरक पडला. पण नाकाबंदी चार चौकांत असते आणि रस्ते चारशे असतात. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला. छोट्या गावांसाठी पुढे ते अंतर 220 मीटर झालं. मग काही ठिकाणी काय झालं? दुकान हलवण्याऐवजी रस्त्याचा महामार्ग हा दर्जाच काढून घेतला गेला. चंडीगडमध्ये हे उघडपणे झालं आणि वर्षभराच्या आत शहरांच्या हद्दीतल्या दुकानांना सूटही मिळाली. ज्या गोष्टीची समाजाला लाज वाटत नाही, तिच्यासाठी पळवाट काढायला कुणालाच लाज वाटत नाही.

लाज कशी निर्माण होते हे बघायचं तर जपानकडे बघा. 25 ऑगस्ट 2006 च्या रात्री फुकुओका शहरातल्या एका पुलावर दारू प्यायलेल्या पालिका कर्मचाऱ्याने एका कुटुंबाच्या गाडीला मागून धडक दिली. गाडी समुद्रात कोसळली आणि तीन लहान भावंडं बुडाली. सारा देश हादरला. पुढच्या वर्षी तिथला कायदा बदलला आणि चालवणाऱ्याबरोबर त्याला गाडी देणारा, तो गाडी चालवणार हे माहीत असून त्याला दारू वाढणारा आणि तो प्यायला आहे हे माहीत असून त्याच्या गाडीत बसणारा, हे सगळे गुन्हेगार ठरले. तिथली अल्कोहोलची मर्यादा रक्ताच्या हिशेबात जवळपास आपल्याएवढीच आहे. फरक टेबलाभोवती पडला. पाहुण्याने ग्लास मागितला की यजमान विचारू लागला, "गाडी घेऊन आलात का?" 'दाइको' नावाची सेवा तिथे घरोघर माहीत आहे. दोन माणसं येतात, एक तुमची गाडी चालवतो, दुसरा मागून त्यांची गाडी आणतो. सन 2000 च्या सुमारास दारूमुळे होणारे जीवघेणे अपघात तिथे वर्षाला हजाराच्या वर होते. आता ते दीडशेच्याही आत असतात. प्यायची सवय गेली नाही. पिऊन निघालेल्याला निरोप द्यायची सवय गेली.

आपल्याला हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. पुढच्याच आठवड्यात या महाराष्ट्रात असंख्य माणसं श्रावण पाळायला लागतील. महिनाभर ग्लासला हात लावणार नाहीत. त्यासाठी चौकात पोलीस लागत नाही, फुंक मारायचं यंत्र लागत नाही, दंड लागत नाही. घर पाळतं, मित्र पाळतात, म्हणून तोही पाळतो. "आज माझा उपवास आहे" असं कुणी म्हटलं की आग्रह करणारा हात तिथल्या तिथे थांबतो. "आज गाडी माझ्याकडे आहे" या वाक्यालाही तोच मान मिळायला हवा. कुणी हसू नये, कुणी "एकाने काय होतंय" म्हणू नये, कुणी त्याच्या कोल्ड्रिंकमध्ये गुपचूप ओतू नये.

हे दारूबंदीचं आवाहन नाही. प्यायची की नाही हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरी, आपल्या तब्येतीशी आणि खिशाशी बोलून सोडवावा. पिऊन गाडी चालवायची की नाही, हा प्रश्न मात्र त्याचा एकट्याचा नाही. तो रस्त्यावरच्या सगळ्यांचा आहे, आणि त्याचं उत्तर एकच आहे.

म्हणून आता प्रत्येकाशी वेगळं बोलतो.

यजमानांनो, पार्टी तुमच्या शेतावर असेल, फार्महाऊसवर असेल, गच्चीवर असेल. दारात एक डबा ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येकाची किल्ली त्यात घ्या. ग्लास नंतर. जो पिणार नाही त्याची किल्ली त्याला परत मिळेल, जो पिईल त्याची सकाळी, उशिरा. चार गाद्या, चादरी, पाण्याची कळशी यांची सोय मटणाच्या ऑर्डरबरोबरच करा. पाहुण्याला मुक्कामाला ठेवणं हा आपल्या घरांचा जुना रिवाज आहे, त्याचा उपयोग करा.

मित्रांनो, जाताना पाच जण एका गाडीत जाणार असाल तर निघण्याआधी एकाचं नाव ठरवा. तो त्या दिवशी थेंबही घेणार नाही. "कमी घेईन" हे चालणार नाही. त्याचं जेवण बाकीच्यांनी मिळून द्या, पुढच्या वेळी पाळी दुसऱ्याची. आणि तसा कुणी नसेल तर दिवसाच्या बोलीवर ड्रायव्हर घ्या. जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावात असे बदली ड्रायव्हर मिळतात. त्याची मजुरी तुमच्या एका बाटलीपेक्षा फार जास्त नसते. दुचाकीवरून गेला असाल तर गाडी तिथेच राहू द्या. आणि प्यायलेल्या मित्राला "चालत जा" म्हणून अंधारात हायवेच्या कडेने एकट्याला सोडू नका, तोही गाडीखाली जाऊ शकतो. त्याच्याबरोबर कुणीतरी जा.

आणखी एक. नाकाबंदी कशी चुकवली, हवालदाराला कसं गुंडाळलं, गाडी आपोआप घरी कशी आली, हे किस्से प्रत्येक बैठकीत रंगवून सांगितले जातात. त्यांवर हसू नका. तुमचं हसू हे त्याच्या पुढच्या वेळची परवानगी असतं. आणि "अमुक चौकात नाकाबंदी आहे, गल्लीतून या" असे मेसेज ग्रुपवर फिरवू नका. तुम्ही वाचवलेला तो माणूस त्याच गल्लीत कुणाच्या तरी मुलाला उडवेल.

आई-वडिलांनो, महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षांची वयाची अट आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात बुलेट देणं हे लाड नव्हेत. कल्याणीनगरनंतर हे वेगळं सांगायला नको होतं, तरी रोज संध्याकाळी प्रत्येक गावातल्या रस्त्यावर ते दिसतं.

घरातल्या बायकांना "तूच अडव त्याला" असं सांगू नका. अडवणारीवर हात उगारला जातो, हे आपण सगळे जाणून आहोत. हे काम त्याच्या मित्रांचं, भावांचं, काकांचं आहे. ज्यांच्याबरोबर तो बसला, त्यांनीच त्याला थांबवायचं.

ढाबेवाल्यांनो, बारमालकांनो, तुमच्या पार्किंगमधून झोकांड्या खात निघालेली गाडी तुम्ही रोज बघता. तुमच्या वॉचमनला सांगा, अशा माणसाला किल्ली द्यायची नाही. दोन रिक्षावाल्यांचे, दोन ड्रायव्हरांचे नंबर काउंटरवर मोठ्या अक्षरांत लावा. रात्रभर गाडी उभी राहिली तर पैसे घेऊ नका. त्याने धंदा बुडणार नाही. मेलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

डंपर, ट्रक, टँकर, खासगी बसचे मालक आणि ठेकेदार हो, चालक गाडीवर चढण्याआधी त्याच्याशी दोन मिनिटं समोरासमोर बोला. वास आला, डोळे तारवटलेले दिसले, तर त्या फेरीला गाडी निघणार नाही, मग माल उशिरा पोचला तरी चालेल. चौदा-चौदा तास गाडीवर बसवून मग "तो प्यायला" म्हणून हात झटकू नका. झोपायची जागा द्या, वेळेवर सुट्टी द्या.

कार्यकर्ते, नगरसेवक, भाऊ, दादा, तुम्हाला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. रात्री दोन वाजता तुमचा फोन वाजतो, "आपला माणूस आहे, सोडवा." तो फोन त्या रात्री उचलू नका. सोडवलेल्या त्या माणसाने पुढच्या महिन्यात कुणाला मारलं तर ते मरण तुमच्याही नावावर लागतं. उलट तुमच्या मंडळाच्या फलकावर, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एक ओळ लिहा की पिऊन गाडी चालवणाऱ्यासाठी इथून फोन जाणार नाही. त्या एका ओळीने तुमच्या भागात जितकं बदलेल तितकं दहा नाकाबंद्यांनी बदलणार नाही.

आणि रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांनो, अपघात दिसला तर थांबा. 108 ला फोन करा, 112 ला फोन करा. जखमीला दवाखान्यात नेलं म्हणून पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती सोडा. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या सूचनांवर शिक्कामोर्तब केलं आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच कलम 134-अ आलं. नाव सांगायचं की नाही, साक्षीदार व्हायचं की नाही, हे तुमच्या मर्जीवर आहे.

मला माहीत आहे की हे सगळं करताना आड काय येतं. अक्कल सगळ्यांकडे असते, आड येते ती भीड. मोठा भाऊ आहे, साहेब आहेत, जावई आहेत, गावचे पाटील आहेत, त्यांना कसं सांगायचं? आपल्या म्हाताऱ्यांनी सांगून ठेवलंय, भीड ही भिकेची बहीण. इथे तर ती मरणाचीच बहीण आहे. साहेबांना आज वाईट वाटेल, उद्या ते विसरतील. जावई रुसतील, दिवाळीपर्यंत रुसवा निघेल. तो चिडेल, हात झटकेल, "तू मला शिकवणार?" म्हणेल. म्हणू द्या. तुमच्याशी भांडायला सकाळी तो जिवंत असेल, हे पुरेसं आहे.

तेव्हा हे वाचून झालं की लगेच, आजच, रविवारचा बेत ज्या ग्रुपवर ठरतोय तिथे एक प्रश्न टाका: "गाडी कोण चालवणार? तो पिणार नाही." नाव येईपर्यंत मटणाचं, बाटल्यांचं, जागेचं काही ठरवू नका. नाव आलं नाही तर स्वतःचं टाका. आणि रविवारी कुणी डोळ्यांदेखत किल्ली फिरवत, हसत, झुलत गाडीकडे निघाला, तर उठा, त्याच्या आडवे उभे राहा आणि हात पुढे करा. किल्ली मिळाल्याशिवाय तिथून हलू नका.